कबाड्याला देण्यापूर्वी



आपल्या संगणक कक्षातील चौदा संगणक विकून टाकावेत, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या येत्या सभेपुढे आहे. कारण एकच दिले आहे, ते म्हणजे त्यांतून आवाज येत नाही. सभेत आम्ही आमचे मत मांडूच. पण हे संगणक माजी विद्यार्थ्यांनी खटपट करून मिळवून दिलेले आहेत आणि त्यांवर शिकतात ती आपल्या सर्वांची मुले आहेत. म्हणून आमचे म्हणणे पत्रिकेतही छापून यावे, असे आम्हांला वाटले. आमचे मत प्रस्तावाच्या विरुद्ध आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. दहा डेस्कटॉप आणि चार लॅपटॉप, सगळे २०१४ ते २०१६ या काळातले. त्यांच्यावर विंडोज १० चालत होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो, तो या यंत्रांत नाही. यंत्रे तर धडधाकट होती. म्हणून आपल्या संगणकाच्या सरांनी त्यांच्यावर लिनक्स बसवले. अभ्यासाची कामे सुरळीत सुरू झाली, मराठी-हिंदी टंकलेखन सुरू झाले, पण आवाज काही निघेना. तपासायला आलेल्या दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला की साउंड गेले, बोर्ड बदला, त्यापेक्षा नवे घ्या. प्रस्ताव त्या पाच मिनिटांतून जन्मला आहे.

आता साधा तर्क लावून पाहू या. यांतल्या एका लॅपटॉपवर जुने विंडोज अजून एका कोपऱ्यात शिल्लक आहे. ते सुरू केले की त्याच स्पीकरमधून स्वच्छ आवाज येतो. लिनक्स सुरू केले की येत नाही. स्पीकर तोच, तार तीच, चिपही तीच. मग "साउंड गेले" कसे? यंत्राचे काही गेलेले नाही. यंत्राशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला यंत्राची नीट ओळख झालेली नाही, एवढेच. आठवीच्या मुलांना आम्ही हा प्रश्न घातला, तर दोघा-तिघांनी लगेच हेच उत्तर दिले.

या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. तो लिनक्सच्या कर्नलमध्ये असतो. (हा सैन्यातला कर्नल नव्हे. फळाच्या कोयीच्या आत जो गर असतो, त्या अर्थाचा हा शब्द आहे.) कर्नल म्हणजे सगळ्या प्रणालीचा गाभा. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. खुला म्हणजे फुकट एवढाच अर्थ कृपया घेऊ नये. त्याची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, बदलता येते, आणि बदल चांगला असला तर तो सगळ्या जगासाठी स्वीकारलाही जातो. गंमत अशी की टॉरवाल्ड्स यांनी 'लिनक्स' या शब्दाचा आपला उच्चार ध्वनिमुद्रित करून ठेवला होता, आणि १९९० च्या दशकात पुष्कळ लोक आपले साउंड कार्ड चालते का हे त्याच फाइलीने तपासत. म्हणजे आवाज न येण्याची तक्रार लिनक्सइतकीच जुनी समजायला हरकत नाही.

आवाजाचा ड्रायव्हर करतो तरी काय? आवाज संगणकात आकड्यांच्या रूपाने असतो. साधारणपणे एका सेकंदाला ४८,००० आकडे, तेही डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळे. एकेका आकड्याला दोन बाइट धरले, तर सेकंदाला १,९२,००० बाइट झाले. हे चिपपर्यंत खंड न पडता पोहोचले पाहिजेत. जुन्या विहिरीवरचे रहाटगाडगे आजोबा-पणजोबांनी पाहिलेले असेल. माळेतली गाडगी एकीकडे भरतात, दुसरीकडे रिकामी होतात आणि पन्हाळीतून पाण्याची धार अखंड चालू राहते. संगणकाच्या स्मृतीत अशीच एक गोल माळ बांधलेली असते. गाण्याचा प्रोग्रॅम गाडगी भरतो, ध्वनीची चिप ती रिकामी करते, आणि माळ आत्ता कुठवर फिरली आहे हे सांगण्याचे काम ड्रायव्हरकडे असते. एका गाडग्यात १,०२४ नमुने मावत असतील, तर ते सुमारे २१ मिलिसेकंदांत रिते होते. डोळ्याचे पाते लवण्याला याहून किती तरी जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पुढचे गाडगे भरलेले नसले की कानाला 'कट्' असा आवाज येतो. ड्रायव्हरने माळेची जागा चुकीची सांगितली, तर तो सारखाच येत राहतो. रेडिओ खरखरतो तसे वाटते, आणि माणूस म्हणतो, स्पीकर फाटला!

आपल्या तीन लॅपटॉपांचा आजार मात्र वेगळा आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. २००४ साली इंटेलने 'हाय डेफिनिशन ऑडिओ' नावाची एक पद्धत ठरवून दिली, आणि पुढे बहुतेक संगणक तिच्यावरच चालले. या पद्धतीत ध्वनीच्या चिपला अनेक पाय असतात. एका पायाला आतला स्पीकर, दुसऱ्याला हेडफोन, तिसऱ्याला माइक. कोणत्या पायाला काय जोडले आहे, हे कारखान्यात बायॉसमध्ये लिहून ठेवायचे असते. प्रत्येक पायासाठी ३२ अंकांची एक द्विमान संख्या. तीत जोडणी आत आहे की बाहेर, पुढे आहे की मागे, इतकेच काय, खोबणीचा रंग कोणता, हेसुद्धा असते. ड्रायव्हर ही माहिती वाचतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो.

आणि इथेच घोटाळा होतो, कारण ही माहिती पुष्कळदा खोटी असते! यंत्र बनवणारी कंपनी आपल्या विंडोजच्या ड्रायव्हरमध्येच दुरुस्ती घालून मोकळी होते. बायॉसमधली नोंद कोण सुधारत बसतो? आमच्या लॅपटॉपात ज्या पायाला स्पीकर जोडलेला आहे, त्याच्यापुढे सोळामान पद्धतीने ४१११११एफ० अशी नोंद आहे. हिचा अर्थ 'इथे काहीही जोडलेले नाही'. ड्रायव्हर बिचारा कागद पाहून चालतो. कागदावर स्पीकर नाही, म्हणून तो स्पीकरकडे आवाज पाठवतच नाही. सरकारी कचेरीत जिवंत माणसाला हयातीचा दाखला आणायला सांगतात, त्यातलाच हा प्रकार.

यावर कर्नल लिहिणाऱ्यांनी जो उपाय काढला, तो आम्हांला फार आवडला. त्यांनी ड्रायव्हरमध्ये एक यादी ठेवली आहे. तिला इंग्रजीत 'क्विर्क' म्हणजे खोडींची यादी म्हणतात. प्रत्येक यंत्रावर बनवणाऱ्याचा आणि मॉडेलचा क्रमांक कोरलेला असतो. एचपीचा १०३सी, डेलचा १०२८, लेनोवोचा १७एए. यादीत एकेक ओळ असते, ती अशी की अमुक क्रमांकाचे यंत्र दिसले, तर त्याच्या बायॉसवर विश्वास ठेवू नका, अमक्या पायाला स्पीकर आहे असे समजा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यंत्राची खोड मात्र एका ओळीने झाकता येते. रिअलटेक कंपनीच्या चिपांसाठीच अशा शेकडो ओळी आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी कुणा ना कुणा सामान्य वापरणाऱ्याच्या तक्रारीवरून आलेल्या आहेत. कुणीतरी आवाज येत नाही म्हणून कंटाळून यंत्र टाकून दिले नाही. बसून तपासले, नीट लिहून कळवले, सुचवलेला बदल करून पाहिला, आणि त्याच्या त्या मॉडेलसाठी ओळ जोडली गेली. त्यानंतर ते मॉडेल जगात ज्याच्याकडे असेल, त्याला नवे लिनक्स बसवल्यावर आवाज आपोआप मिळाला. त्याला कळलेसुद्धा नाही की आपल्यासाठी कुणी खपले होते.

या कामाचा इतिहास मुलांना ठाऊक असावा. लिनक्समधला आवाज सुरुवातीच्या काळात फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांच्या ड्रायव्हरवर चालत असे. १९९८ साली चेक देशातल्या यारोस्लाव्ह किसेला यांनी आपल्या एका कार्डासाठी, ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंडसाठी, वेगळी रचना लिहायला घेतली. तिचेच पुढे 'आल्सा' झाले आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून तीच मुख्य रचना ठरली. सूझे कंपनीतले जपानी अभियंते ताकाशी इवाई अनेक वर्षे ध्वनिविभाग सांभाळत आले आहेत. आलेले बदल वाचायचे, तपासायचे, चुकले तर परत पाठवायचे. यांत झगमगाट काही नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्यासारखेच हे काम. ते काय असते हे आम्हां शिक्षकांना विचारावे!

आता मुख्य गोष्ट. विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी आम्हांला विचारले की शाळेत आवाज हवा कशाला, गाणी ऐकायला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नववीच्या वर्गात बसलेले आहे. आपल्या या विद्यार्थिनीला दिसत नाही. ती चौथा लॅपटॉप वापरते. ओर्का नावाचा प्रोग्रॅम पडद्यावरची अक्षरे तिला वाचून दाखवतो आणि ईस्पीक नावाचा प्रोग्रॅम त्यांचा आवाज बनवतो. दोन्ही खुले आणि विनामूल्य आहेत. मराठीही बोलतात, हिंदीही. उच्चार यांत्रिक आहे, जरा नाकात बोलल्यासारखा, पण तिला त्याची सवय झाली आहे आणि ती आमच्यापेक्षा भरभर 'वाचते'. तिच्यासाठी आवाज बंद म्हणजे पडदाच बंद. इतर मुलांचा स्पीकर गेला तर त्यांचे गाणे जाते, तिचे पुस्तक जाते.

तिच्या लॅपटॉपातून आवाज येतो, पण त्यात एक विचित्र दोष होता. थोडा वेळ शांततेत गेला की त्यानंतरच्या पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर गळायचे. इतरांच्या ध्यानातही येणार नाही असा हा दोष. पण आपल्या भाषेत पहिले अक्षर गळणे म्हणजे काय, याचा जरा विचार करा. 'अपूर्ण'चे 'पूर्ण' होते. 'अशुद्ध'चे 'शुद्ध', 'अमान्य'चे 'मान्य'. सरावचाचणीत संगणकाने "अयोग्य उत्तर" म्हटले आणि तिने "योग्य उत्तर" ऐकले! आठवडाभर ती आपली उत्तरे बरोबर समजत राहिली. शेवटी तिनेच शोधून काढले की असे फक्त शांततेनंतर होते, सलग वाचताना होत नाही. निदानाचे निम्मे काम तिथेच झाले, आणि ते तिने केले, हे आम्ही मुद्दाम लिहून ठेवतो.

कारण असे. वीज वाचवण्यासाठी ड्रायव्हर काही सेकंदांच्या शांततेनंतर ध्वनीच्या चिपला झोपवतो. पुन्हा आवाज आला की चिप जागी होते, पण काही यंत्रांत तिला जागे व्हायला क्षणभर उशीर लागतो, आणि तेवढ्यात पहिले अक्षर निघून जाते. काही यंत्रांत झोपताना-उठताना 'टक्' असा आवाजही होतो. त्यासाठी २०१८ पासून कर्नलमध्ये, जिला झोपवू नये अशा यंत्रांची एक वेगळी यादीच ठेवली आहे. सरांनी 'पॉवर सेव्ह' हा आकडा शून्य केला. तरी थोडी गळती उरली. कारण कर्नलच्या वरच्या मजल्यावर पाइपवायर नावाचा आणखी एक प्रोग्रॅम असतो, तोही स्वतःच्या हिशेबाने चिपला विश्रांती देत होता. त्यालाही समजावले आणि अक्षरे गळायची थांबली. एक पैसा खर्च झाला नाही. प्रस्तावात जे चौदा संगणक आहेत, त्यांत हाही आहे.

डेस्कटॉपांचे पुराण थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. बहुतेकांत आवाज एचडीएमआयच्या तारेतून मॉनिटरकडे जात होता, आणि त्या मॉनिटरांना स्पीकरच नाहीत. काहींत आवाजाचा नळच बंद होता. आल्सामिक्सर उघडले की पट्टीखाली 'एमएम' ही अक्षरे दिसतात, म्हणजे मौन. एम ची कळ दाबली की मौन सुटते. दुरुस्तीवाल्याच्या पाच मिनिटांत ही एक कळ दाबून झाली नव्हती. असो.

राहिले ते तीन लॅपटॉप, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. बाजारात हे मॉडेल फारसे खपले नसावे, म्हणूनच खोडींच्या यादीत त्याची ओळ नाही. अकरावीच्या दोघांनी सरांच्या देखरेखीखाली 'एचडीए जॅक रीटास्क' नावाच्या साधनाने स्पीकरच्या पायाची नोंद 'जोडलेले नाही' वरून 'आतला स्पीकर' अशी तात्पुरती बदलून पाहिली. कर्नल नव्याने बांधायचीही गरज पडली नाही. तिन्ही लॅपटॉप बोलू लागले. आता ही गोष्ट ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना रीतसर कळवायची आहे, म्हणजे ती ओळ कायमची यादीत जाईल.

आणि इथेच प्रस्तावाला आमचा खरा विरोध आहे. जर्मनीत किंवा आणखी कुठे बसलेल्या अभियंत्याजवळ आपला लॅपटॉप नाही. तो ओळ लिहून देईल, पण ती बरोबर आहे की नाही, हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो की नाही, झाकण मिटून उघडल्यावर आवाज टिकतो की नाही, हे ज्याच्या हातात यंत्र आहे तोच सांगू शकतो. आपण तीनही लॅपटॉप कबाड्याला दिले, तर आज जमलेले निदान उद्या कुणाच्याच कामाचे राहणार नाही. कबाडी ते वजनावर घेईल. दुसऱ्या गावात, दुसऱ्या शाळेत हेच मॉडेल असेल, तिथेही कुणी येईल आणि पाच मिनिटांत बोर्ड बदलायला सांगेल.

आता तक्रार लिहिण्याविषयी. मुलांनी पहिला मसुदा आणला, तो असा की आवाज येत नाही, कृपया लवकर मदत करा, फार अर्जंट आहे. आम्ही तो परत केला आणि त्यांना विज्ञानाची प्रयोगवही आणायला सांगितली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. याच क्रमाने लिहा म्हटले. साहित्यात यंत्राचा क्रमांक आणि कर्नलची आवृत्ती, कृतीत काय काय केले, निरीक्षणात जसे दिसले तसे. मुले हसली, पण तक्रार छान उतरली. खरे सांगायचे तर प्रयोगवहीची आपल्या सगळ्याच शाळांत दुर्दशा आहे. लंबकाच्या प्रयोगात प्रत्येकाचा 'जी' बरोबर ९.८ येतो, कारण उत्तर आधीच ठाऊक असते आणि निरीक्षणे मागाहून बेतलेली असतात. इथे तशी सोय नाही. उत्तर कुणालाच ठाऊक नाही. समोरचा माणूस त्याच निरीक्षणावर विसंबून ओळ लिहिणार आहे. निरीक्षण बनावट असले, तर ती ओळ दुसऱ्या कुणाचा तरी आवाज बंद करील.

गणिताच्या शिक्षकांनाही यात घ्यावे, असे आम्हांला वाटते. कधी कधी असे होते की जुन्या कर्नलवर आवाज येत होता आणि नव्यावर बंद झाला. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि एकेका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. त्यांतला दोषी बदल कसा शोधायचा? मनातली संख्या ओळखण्याचा खेळ मुले खेळतातच. बरोबर मधला बदल घ्यायचा आणि आवाज येतो का ते पाहायचे. येत असेल तर दोष पुढच्या निम्म्यात, नसेल तर मागच्या निम्म्यात. असे करत गेले की १६,३८४ बदलांतून एक शोधायला फक्त १४ चाचण्या पुरतात, कारण २ चा चौदावा घात तेवढाच आहे. टॉरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये सुरू केलेल्या 'गिट'मध्ये याची सोयच करून ठेवली आहे, तिला 'बायसेक्ट' म्हणतात. घातांकाचा धडा शिकवताना बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आपण सांगतोच. ही सांगायला काय हरकत आहे?

पालकांचे आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला नोकरीचा. लिनक्स शिकून काय मिळणार, प्रमाणपत्र मिळते का? कर्नलमध्ये बदल गेला की त्याच्याखाली लिहिणाऱ्याची सही असते, की हे काम माझे आहे आणि ते देण्याचा मला अधिकार आहे. दोष कळवणाऱ्याचे नाव 'रिपोर्टेड-बाय' म्हणून आणि तपासणाऱ्याचे 'टेस्टेड-बाय' म्हणून नोंदता येते. ती नोंद मिटत नाही. भिंतीवर टांगायच्या चौकटीतल्या कागदापेक्षा ती आम्हांला मोलाची वाटते. पण ती मिटत नाही, म्हणूनच आम्ही सावध आहोत. अल्पवयीन मुलांचे नाव आणि ई-मेलचा पत्ता असा जगजाहीर होऊ देणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. पालकांची लेखी संमती असल्याखेरीज मुलांची नावे जाणार नाहीत. पत्रव्यवहार सर आपल्या नावाने करतील. तयार तक्रार याचसाठी आमच्याकडे थांबली आहे.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. हा आम्हांला चांगला समजतो. आम्ही विज्ञानाची पदवी हिंदी माध्यमातून घेतली आहे. आपल्या मुलांची प्रार्थना मराठीत, भौतिकशास्त्र हिंदीत आणि संगणकाचे चुकीचे संदेश इंग्रजीत. तीन घरचा पाहुणा उपाशी राहायचा, तशी भीती पालकांना वाटते. पण या पत्रव्यवहारात लागते ती इंग्रजी अगदी लहान वाक्यांची असते. अलंकार नको, नमनाला घडाभर तेल नको. जर्मन, जपानी, चेक माणसे तिथे आपापल्या वळणाची इंग्रजी लिहितात आणि कुणी कुणाला हसत नाही. आकडा चुकला तर मात्र लगेच विचारतात. आपल्या मुलांना इंग्रजी धीटपणे लिहायला लावणारी याहून बरी जागा आमच्या पाहण्यात नाही.

शिवाय आपण काही जगावेगळे करत नाही. केरळच्या सरकारी शाळांनी कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच संगणक शिकवला आहे, तोही आपल्या भाषेत.

तरीही विश्वस्तांच्या काळजीत तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येक यंत्र दुरुस्त होतेच असे नाही. काही मॉडेलांचा आवाज वर्षानुवर्षे अडून राहतो. आपण सुचवलेली ओळ स्वीकारली गेली, तरी ती आपल्या लिनक्सच्या वितरणात उतरायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर तात्पुरत्या उपायावर भागवावे लागेल. तासिका मोजक्या आहेत, दहावी-बारावीच्या मुलांना यात गुंतवणे आम्हांलाही मान्य नाही. म्हणून एका यंत्रावर एका सत्राहून जास्त वेळ घालवायचा नाही, असा नियम आम्ही सरांना घालून देत आहोत. सत्र संपले आणि यंत्र गप्पच राहिले, तर ते खुशाल विकावे, आमची हरकत नाही.

आणि नवे घ्यायचेच ठरले, तर एक सूचना. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत स्पीकरसाठी वेगळ्या ॲम्प्लिफायर चिपा असतात. त्यांना कंपनीकडून मिळालेली फर्मवेअरची फाइल लागते, आणि ती नसेल तर नवे कोरे यंत्रही लिनक्सवर मौनच धरते. तेव्हा पैसे मोजण्याआधी दुकानातच पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आवाज, माइक आणि हेडफोनची खोबण तपासावी. जो दुकानदार याला नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नये. जेल रोडला दुकानांची काही कमी नाही.

सभेच्या आधीच्या शनिवारी दुपारी दोन ते चार संगणक कक्ष सर्वांसाठी उघडा राहील. चौदाही यंत्रे चालू असतील. लॅपटॉपांची नोंद मुले आपल्यासमोर बदलून दाखवतील, आधी मौन आणि मग आवाज. नववीची विद्यार्थिनी मराठीच्या पुस्तकातला एक उतारा संगणकाकडून वाचून घेईल. विश्वस्तांनी अवश्य यावे. येताना घरचा एखादा हेडफोन आणावा, कारण शाळेत सध्या दोनच आहेत आणि त्यांतल्या एकाची तार खरोखरच तुटलेली आहे.